बेल वाजली की टायगर का गुरगुरतो: दत्तक आलेल्या एका ग्रेट डेनचं प्रकरण

टायगर हा नर ग्रेट डेन, वय अंदाजे पाच वर्षं. अंगाचा रंग फिकट तपकिरी, तोंड काळं, खांद्यापाशी उंची ७९ सेंटिमीटर. घरी आला तेव्हा त्याचं वजन ५२ किलो भरलं. या उंचीच्या नराचं वजन साठच्या पुढे हवं, म्हणजे दिसायला अवाढव्य असला तरी कुत्रा हाडकुळा होता. मुळशीकडच्या एका शेतघरावर तो राखणीला असायचा. मालक परदेशी गेले, शेतघर विकायला काढलं आणि कुत्र्यासाठी घर शोधायची वेळ आली. पुण्यात सिंहगड रस्त्याला तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका कुटुंबाने जूनच्या अखेरीस त्याला दत्तक घेतलं. घरात आई, बाबा, अकरा वर्षांची मुलगी आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी.

तीन आठवड्यांनी बाबांचा फोन आला. "ताई, पहिले आठ दिवस इतका शांत होता की सगळी सोसायटी म्हणायची, काय गरीब कुत्रा आहे! आता माझ्यावर गुरगुरतो. परवा तर दात दाखवले. आईला काही झालं तर काय करू? परत द्यावा का?"

दत्तक गेलेल्या कुत्र्यांच्या घरी जाऊन त्यांचं वागणं बघायचं आणि घरच्यांना मदत करायची, हे माझं काम. मोठ्या जातीच्या कुत्र्यांबाबत असा फोन नेहमी येतो आणि बहुतेकदा याच सुमाराला येतो. त्यातली बरीच कुत्री परत जातात. काही तिसऱ्या-चौथ्या घरी पोहोचतात आणि प्रत्येक घरबदलात त्यांच्या नावापुढे 'चिडका', 'बेभरवशाचा' अशी विशेषणं चिकटत जातात. टायगरचं प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण त्याचं गुरगुरणं उलगडत गेलं तसं स्वभाव या सबबीखाली आपण काय काय झाकून टाकतो ते फार स्वच्छ दिसलं. कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. त्यांची नावं घेत नाही.

पहिल्या आठवड्यातली शांतता

आल्या दिवसापासून टायगर पॅसेजमध्ये एका जागी पडून होता. भुंकला नाही, काही चावलं-फाडलं नाही, कुणी हात लावला तरी हालला नाही. मग शेजारचे आले, मुलीच्या मैत्रिणी आल्या, नातेवाईक आले, फोटो निघाले. घरच्यांना वाटलं, छान रुळला.

मुलीच्या फोनमध्ये दुसऱ्या दिवशीचा एक व्हिडिओ होता. शेजारच्या काकू त्याच्या डोक्यावरून हात फिरवत आहेत आणि सगळे कौतुकाने बघत आहेत. आवाज बंद करून तो व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी पुन्हा पाहिला. काकूंचा हात डोक्यावर आला की टायगर मान पलीकडे वळवतो. मग जीभ झटकन नाकावरून फिरते. मग जांभई. मग डोळा कोपऱ्यात जातो आणि बुबुळाच्या कडेला पांढरी कोर दिसते. कान मागे, शेपूट पोटाशी, तोंड घट्ट मिटलेलं. एवढ्याशा वेळात त्याने इतक्या प्रकारे सांगितलं होतं की मला हे नको आहे. कुणालाच ते दिसलं नाही, कारण त्यात आवाज नव्हता.

दत्तक-कार्यात असलेले लोक तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात. पहिले तीन दिवस कुत्रा दडपणाखाली असतो, तीन आठवड्यांत त्याला घराची घडी कळते, तीन महिन्यांत घर आपलं वाटायला लागतं. प्रत्येक कुत्र्याला तो जसाच्या तसा लागू पडत नाही. पण त्यातलं एक खरं आहे: गप्प बसलेला कुत्रा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास बोलायला लागतो. छोटं कुत्रं थरथर कापत असेल तर ते आपल्याला दिसतं. पन्नास किलोचा कुत्रा गोठून पडला की मात्र आपल्याला हायसं वाटतं, कारण तो उठला तर काय करील ही धास्ती आपल्याच मनात असते. त्याच्या भीतीकडे म्हणूनच दुर्लक्ष होतं.

बाबांना मी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की गुरगुरल्याबद्दल त्याला ओरडू नका. गुरगुरणं ही सूचना आहे. ती दाबून टाकली तर भीती जात नाही, फक्त सूचना जाते. मग एक दिवस कुत्रा थेट चावतो आणि लोक म्हणतात, काही कारण नसताना चावला.

रखवालदाराने जे सांगितलं

मूळ मालकांनी दत्तक देताना सांगितलं होतं, "एकदम फ्रेंडली आहे, कधी कुणाला काही केलेलं नाही." ते खोटं नव्हतं. पण त्याचा उपयोगही नव्हता. कुत्र्याचा स्वभाव कसा आहे असं विचारलं की माणसं प्रमाणपत्र देतात. खरी माहिती हवी असेल तर त्याला रोज जेवण घालणाऱ्या माणसाला गाठावं आणि साधे प्रश्न विचारावेत. दिवसा कुठे असतो? रात्री कुठे? कशातून खातो? हाक कशी मारता? पाहुणे आले की त्याचं काय करता?

शेतघरावरच्या रखवालदारांनी फोनवर भरभरून सांगितलं. त्यांचा जीव होता टायगरवर. दिवसा तो शेडखाली साखळीला असायचा. रात्री नऊला सुटायचा आणि उजाडेपर्यंत कुंपणाच्या कडेने फिरायचा. जेवण एकदाच, संध्याकाळी: भात आणि कोंबडीचे पाय-मुंड्या शिजवून, कधी वर भाकरी कुस्करून, लोखंडी घमेल्यात, जमिनीवर. हाक म्हणजे "ये रे ये". फाटकाला घंटा होती. ती वाजली की पाहुणे आले असं समजायचं, कुणीतरी धावत जाऊन टायगरचा गळपट्टा धरायचा आणि त्याला ओढत पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागे नेऊन बांधायचा. पाहुणे मुक्कामी असले तर रात्रभर तो तिथेच. शेवटी जाता जाता ते म्हणाले, "गेल्या पावसाळ्यापासून उठताना जरा जड जातं बघा त्याला."

हा एक फोन दत्तक घेण्याआधी झाला असता तर या घराचे तीन आठवडे वेगळे गेले असते. म्हणून आता दत्तक घेणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, कागदावर मालकाची सही घ्या, पण बोलणं करा ते जेवण घालणाऱ्याशी.

घमेल्याचं आधी सांगते. घरच्यांनी त्याच्यासाठी हौसेने लोखंडी स्टँडवरची दोन उंच भांडी आणली होती. लांब पायांच्या कुत्र्याला वाकायला लागू नये म्हणून हेच बरं, असं दुकानदाराने सांगितलेलं. त्यात महागडं कोरडं खाद्य. पहिले दोन दिवस टायगर त्या भांड्यांकडे फिरकलाही नाही आणि पुढेही जेमतेमच खात होता. जुन्या माणसांच्या आठवणीने खात नसेल, असं आजींना वाटत होतं. मी त्यांना हार्डवेअरच्या दुकानातून एक नवं घमेलं आणायला सांगितलं. संध्याकाळी त्यात भात आणि उकडलेली कोंबडी घातली. मीठ नाही, कांदा-लसूण नाही. घमेलं फरशीवर टेकवताना त्याचा जो आवाज झाला, त्यावर पॅसेजमध्ये पडलेल्या टायगरने मान उचलली. आला, हुंगलं, एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि घमेलं चाटूनपुसून साफ केलं. नवं खाद्य नंतर दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत आणलं, त्याने पोट बिघडलं नाही.

उंच भांड्यांबाबतची समजूत अगदी पक्की आहे, म्हणून इथे थांबते. ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांना पोटाच्या एका जीवघेण्या दुखण्याचा धोका असतो. जठरात वायू भरून ते फुगतं आणि स्वतःभोवती पिळलं जातं, रक्तपुरवठा तुटतो. वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर काही तासांत कुत्रा जातो. सगळ्या जातींमध्ये हा धोका ग्रेट डेनला सर्वांत जास्त मानला जातो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात मोठ्या जातींच्या कुत्र्यांवर यासंबंधी अभ्यास झाला, त्यात उंचावरचं भांडं हे धोका कमी करणारं नाही तर वाढवणारं निघालं. दिवसातून एकदाच भरपूर खाणं, भराभर खाणं, जवळच्या रक्ताच्या नात्यात हे दुखणं झालेलं असणं आणि भित्रा स्वभाव, हीही कारणं पुढे आली. म्हणजे घमेलं जमिनीवर होतं हे बरंच होतं, पण जेवण एकदा होतं हे वाईट. आम्ही त्याच दिवसाच्या अन्नाचे तीन भाग केले. पसरट घमेल्यात अन्न पातळ थरात पसरलं की तो आपोआप सावकाश खातो. जेवणानंतर तासभर पळापळ नाही, जिना नाही.

लक्षणं आईंनी फ्रिजवर लिहून लावली आहेत: ओकारीचा जोर लावतो पण फेसाखेरीज काही पडत नाही, पोट ढोलासारखं ताठ, लाळ गळते, एका जागी बसवत नाही. यातलं काही दिसलं तर सकाळपर्यंत वाट बघायची नाही. रात्री शस्त्रक्रिया करणारा दवाखाना कुठला, हे आधीच फोन करून विचारून ठेवलं आहे. ग्रेट डेन घरात आणणाऱ्याने ही चौकशी पहिल्या आठवड्यात करावी. पुण्यासारख्या शहरातही रात्री दोन वाजता हे शोधणं सोपं नाही.

मुलीची वही

गुरगुरण्याची नोंद ठेवायचं काम मी मुलीकडे दिलं, कारण तीच सगळ्यांत बारकाईने बघत होती. 'टायगर आज चिडला' असं लिहायचं नाही, एवढीच अट. वाजले किती, जागा कुठली, जवळ कोण, तो काय करत होता आणि त्याच्या आधीच्या मिनिटात घरात काय झालं, एवढंच लिहायचं. त्या पोरीने वहीत रेघा मारून रकाने पाडले आणि इमानदारीने भरले. त्यातल्या दोन नोंदी तिच्याच शब्दांत देते:

"सायं. ७.१०. दार. बाबा. तो पॅसेजमध्ये बसला होता. बेल वाजली (इस्त्रीवाले काका). बाबा पटकन गेले आणि पट्टा धरला. गुरगुर. दात थोडे दिसले."

"सकाळी ६.४०. हॉल. आई. तो झोपला होता. आई फरशी पुसत होती, ऊठ म्हणून मागे थापटलं. गुरगुर. मग उठला पण हळू."

दहा दिवसांची पानं समोर ठेवली आणि चित्र स्पष्ट झालं. गुरगुरणं एक नव्हतं, दोन होती. पहिल्या प्रकारात प्रत्येक वेळी आधी बेल वाजलेली होती आणि बाबांचा हात वरून गळपट्ट्याकडे आलेला होता. नुसती बेल वाजली तर तो उठून भुंकायचा. बेलशिवाय पट्ट्याला हात लागला तर अंग ताठ करायचा, पण आवाज नाही. दोन्ही एकत्र आले की गुरगुर. फाटकाची घंटा, गळपट्ट्यावर हात, मोटारीची खोली. कुठलं जनावर घाबरणार नाही? बाबा तर भल्यासाठीच करत होते, आलेला माणूस एवढ्या कुत्र्याला बिचकू नये म्हणून त्याला आत नेत होते.

दुसऱ्या प्रकारात बेलचा संबंध नव्हता. तिथे नेहमी सकाळ किंवा बराच वेळ झोपून उठणं होतं आणि हात नेहमी कमरेवर, मागच्या पायांवर पडलेला होता. एकदा मुलगीच लाडाने त्याच्या पाठीवर रेलली होती. हे दुखण्याचं गुरगुरणं होतं. रखवालदारांचं 'उठताना जड जातं' इथे बसत होतं.

घरात 'बाबांवर गुरगुरतो' अशी तक्रार होती. वहीत बाबा दोषी नव्हते आणि टायगरही नव्हता.

शरीर आधी

डॉक्टरांकडे ताप १०३.६ फॅरनहाइट निघाला. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ असतं. हिरड्या फिकट. बोटांच्या बेचक्यात आणि कानाच्या आत गोचीड. रक्तात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, ५८ हजार, जे निदान दोन लाखांच्या आसपास तरी हवेत, आणि हिमोग्लोबिन कमी. एर्लिकिया या जंतूची चाचणी पॉझिटिव्ह आली. आपल्याकडे ज्यांना सरसकट 'टिक फीव्हर' म्हणतात त्यांतलाच हा एक आजार, गोचिडीतून होणारा. त्यात ताप, भूक मरणं, मरगळ तर असतेच, सांधेही दुखू शकतात. शिवाय एक्स-रेमध्ये खुब्याच्या सांध्यांची झीज दिसली. कोपरांवर जाड घट्टे, नखं वाढून पंजे पसरलेले.

पाच वर्षांचा म्हणजे ऐन तारुण्यातला, असं घरच्यांनी धरलं होतं. पण ग्रेट डेनचं आयुष्य साधारण सात ते दहा वर्षांचं असतं. टायगरने अर्धं आयुष्य ओलांडलेलं आहे आणि त्याच्या सांध्यांकडे त्याच नजरेने बघायला हवं.

डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा २८ दिवसांचा कोर्स सुरू झाला, गोळी जेवणाबरोबर. प्लेटलेट कमी असताना वेदनाशामक द्यायचं डॉक्टरांनी थांबवलं. घरातल्या गोळ्यांच्या डब्याला हात लावायचा नाही, हे मी स्वतंत्रपणे सांगितलं, कारण आजींच्या गुडघ्यासाठी त्यात वेदनाशामक होतीच. आयबुप्रोफेनसारखी माणसांची गोळी कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला फार घातक ठरते. गोचिडीसाठी नुसतं अंगावर औषध लावून भागत नाही. ही गोचीड घरातच भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे अंडी घालते आणि पिढ्याच्या पिढ्या वाढवते. म्हणून कुत्र्याला महिन्याची गोळी आणि घराला फवारणी, दोन्ही एकदम केलं. लसीकरणाचे कागद नव्हते, तेव्हा ताप उतरल्यावर रेबीजसह लसी नव्याने दिल्या आणि महापालिकेचा श्वान परवानाही काढून घेतला.

चौथ्या दिवशी आईंचा फोन आला, "अहो, हा शेपूट हलवतो!" त्या घरात ते पहिल्यांदा दिसलं होतं. पहिल्या आठवड्यातल्या शांततेत भीती होती तसा तापही होता. तापाने फणफणलेलं जनावर गरीब वाटणारच. माझा आता आग्रह आहे, आणि तो मी सगळ्यांशी भांडून धरते: आपल्याकडे, विशेषतः पावसाळ्यात, दत्तक आलेल्या कुत्र्याच्या वागण्याविषयी कुणीही मत देण्याआधी त्याचं रक्त तपासलं पाहिजे. ज्याला रक्ताचा रिपोर्ट बघावासा वाटत नाही त्या ट्रेनरला घरात घेऊ नये.

फरशीचं काम सोपं होतं. शेतघरावर माती आणि शहाबादी, इथे आरशासारख्या टाइल्स. दुखऱ्या खुब्यांनी त्यावर उठताना पाय फाकत होते. सतरंज्या टाकून पाहिल्या होत्या, त्या स्वतःच घसरायच्या. खाली रबर असलेल्या चटया पॅसेजपासून दारापर्यंत आणि गॅलरीपर्यंत सलग अंथरल्या, नखं कापली, झोपायला सहा इंची गादी दिली. दुसऱ्या प्रकारचं गुरगुरणं औषध आणि चटया यांनीच जवळजवळ संपलं. त्याला उठवायचं तर हात लावायचा नाही, समोर उभं राहून "ये रे ये" म्हणायचं, हा घरचा नियम झाला.

गळपट्टा आणि बेल

पहिल्या प्रकाराला वेळ लागला. बाबांच्या ओळखीतल्या एकाने सल्ला दिला होता की एकदा आडवा पाडून दाबून धरा, मालक कोण ते कळू द्या, आणि टोचणारी साखळी घाला. मी याला साफ नकार दिला. कुत्र्यावर वर्चस्व गाजवायची ही कल्पना कोंडून ठेवलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या निरीक्षणांतून निघाली. मोकळ्या रानात लांडगे आई-बाप आणि पिल्लं असे कुटुंबाने राहतात, हे कळून कित्येक वर्षं झाली. आणि टायगरची तक्रारच मुळी अशी, की मला मानेला धरून ओढतात. त्यावर मानेला आणखी आवळणारं काही घालणं ही क्रूरता आहे.

आधी बेल बंद केली. दारावर चिठ्ठी लावली: बेल वाजवू नका, फोन करा. मग गळपट्टा फक्त परवान्याच्या बिल्ल्यापुरता ठेवून छातीचा हार्नेस आणला आणि घरातही त्याला हलकी दोरी लावून ठेवली. गरज पडली तर दोरीचं टोक उचलायचं, मानेकडे हात न्यायचा नाही. आतल्या खोलीत त्याची एक चटई ठरवली आणि तिथे कोंबडीचे तुकडे टाकायचा खेळ सुरू केला. तो जमल्यावर बेलचा आवाज फोनवर अगदी बारीक लावायचा आणि लगेच चटईवर तुकडे. आवाज हळूहळू वाढवत नेला. पुढे वेगळ्या सुरांची नवी बेल बसवली आणि तिच्यावर हेच केलं. आता ती वाजली की टायगर आपणहून आतल्या चटईकडे जातो आणि वळून बाबांकडे बघतो, की तुकडा कुठे आहे.

गळपट्ट्याचं स्वतंत्रपणे केलं आणि ते बाबांनीच केलं, कारण भीती त्यांच्या हाताची होती. खुर्चीत बसायचं, त्याला यायचं तर येऊ द्यायचं. हात हनुवटीखालून, उघडा, खालच्या बाजूने. स्पर्श, तुकडा, हात मागे. तो मान वळवेल त्या क्षणी थांबायचं. काही दिवस हनुवटी, मग गालाजवळ, मग पट्ट्याला नुसतं बोट, मग पट्टा दोन बोटांत धरून सोडणं. बाबा उतावळे गृहस्थ आहेत, हे त्यांच्यासाठी सोपं नव्हतं. पण त्यांनी एकदाही घाई केली नाही आणि मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं. हल्ली संध्याकाळी बाबा खुर्चीत बसले की टायगर स्वतःच हनुवटी त्यांच्या तळव्यावर आणून ठेवतो.

रात्रीचं जागणं रखवालदारांच्या माहितीने सुटलं. त्याची पाच वर्षं रात्रपाळीत गेली होती, ती एका आठवड्यात बदलणार नव्हती. पहाटे दोनला तो गॅलरी ते दार फेऱ्या मारायचा, भुंकायचा. साडेदहाला तिसरं जेवण, त्याआधी इमारतीच्या कुंपणाला एक संथ फेरी, त्याला हवं तितकं हुंगू देत, असं बाबांनी सुरू केलं. आपली हद्द तपासून झाली की तो झोपतो. गादीही अशा जागी हलवली की तिथून मुख्य दार आणि झोपायच्या खोल्या, दोन्ही दिसतील. भुंकणं महिनाभरात अगदी थोड्यावर आलं.

सोसायटीत कुजबुज झालीच. लिफ्टमधून न्यायला बंदी करा, अशी मागणी आली. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या परिपत्रकात पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही, असं म्हटलेलं आहे. एका सभासदांनी मार्च २०२४ मधलं धोकादायक जातींचं केंद्र सरकारचं परिपत्रक आणलं. त्या यादीत ग्रेट डेन नाही, आणि ते परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच वर्षी एप्रिलमध्ये रद्द केलेलं आहे. हे कागद कमिटीला दिले. पण कागदांपेक्षा उपयोग झाला तो वेळ ठरवण्याचा: शाळेच्या गर्दीच्या वेळी टायगर लिफ्टमध्ये नसतो आणि लिफ्टमध्ये आधी कुणी असेल तर हे लोक थांबतात. घाबरणाऱ्या माणसाचाही त्या लिफ्टवर हक्क आहे. गणपतीत ढोल-ताशांच्या दोन संध्याकाळी त्याने आतल्या खोलीत, खिडक्यांना गाद्या लावून, डॉक्टरांनी दिलेल्या औषधावर काढल्या. ठीक गेल्या.

आजींची गोष्ट वेगळी होती. टायगर आता माणसाला टेकून उभा राहतो, ग्रेट डेनची ही लाडाची खास सवय. पण गुडघा बदललेल्या बाईला तेवढ्या वजनाचा टेका म्हणजे पडणंच. आजींची हातांची जड खुर्ची भिंतीला लावून दिली आणि त्या बसलेल्या असतानाच त्याला जवळ येऊ द्यायचं ठरलं. उभ्या असल्या की त्या खणखणीत आवाजात "बस रे बाळा" म्हणतात, आणि तो बसतो. हे त्याला मी शिकवलेलं नाही, आजींनी शेंगदाण्याएवढ्या पनीरच्या तुकड्यांवर शिकवलं. कांदा घातलेला उपमा मात्र त्यांनी बंद केला आहे. कुत्र्याच्या रक्तपेशी कांद्याने फुटतात, आणि याच्या रक्तात हिमोग्लोबिन आधीच कमी होतं, हे समजावल्यावर त्यांनी स्वतः सगळ्यांना ताकीद दिली.

ऑक्टोबरअखेर वजन ६१ किलो, प्लेटलेट अडीच लाखांच्या वर. जठर पोटाच्या भिंतीला टाके घालून बसवण्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी, असं डॉक्टरांचं आणि माझंही मत आहे. त्याने जठर पिळलं जाण्याचा धोका खूप कमी होतो. भूल सोसेल का हे बघायला हृदयाची सोनोग्राफी आधी होईल, कारण या जातीत हृदयाचे स्नायू कमजोर होण्याचा आजार बराच आढळतो.

गेल्या भेटीत बाबांनी विचारलं, दिवाळीत बहीण तिच्या तीन वर्षांच्या मुलाला घेऊन राहायला येते आहे, टायगर आता इतका चांगला वागतो, तर चालेल ना? मी नाही म्हटलं. पट्ट्याला हात लावू देतो तो या घरातल्या चौघांना. तीन वर्षांच्या मुलाचं तोंड टायगरच्या तोंडाच्या उंचीवर येतं, आणि त्या वयाचं मूल कुत्र्याला भेटतं ते गळ्यात हात टाकून. त्यात दिवाळीचे फटाके आणि दिवसभर बेल. बहिणीने यंदा मुलाला घेऊन एका सकाळी नदीकाठच्या मोकळ्या जागेत भेटायला यावं, टायगर दोरीवर, मूल आईच्या कडेवर, मध्ये चांगलं अंतर. मुक्कामाचं उन्हाळ्याच्या सुट्टीत बघू. बहिणीला जरा वाईट वाटलं, पण ती येते आहे.